सेन्सरवर ऊन येतं तेव्हा

अण्णा, त्या सकाळी तुम्ही रिमोट दाबला होतात का?

मला एवढंच विचारायचं आहे. बाकीचं सगळं लोक सांगून गेले. देवळ्याहून तुमच्या बहीण, आक्का आल्या, त्यांनी माझं डोकं खांद्यावर दाबून धरलं आणि म्हणाल्या, "मना भाऊ सुटना वं माय, तू रडू नको." भाऊ सुटला, म्हणे. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका मोठा होता, क्षणात झालं असणार, सासऱ्यांना काही कळलंही नसेल. दहाव्याला गंगेवर पिंड ठेवतोय न ठेवतोय तोच कावळा शिवला आणि सगळ्यांनी हुश्श केलं. काही इच्छा राहिली नव्हती म्हणे. तुमची राहिली नसेल. माझी राहिली आहे, आणि ती कुठल्या कावळ्याला विचारायची हे कोणी सांगत नाही.

तुम्ही असतात तरी काय सांगणार होतात म्हणा. पहिल्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत सगळे शब्दही गेले. एकच राहिला, 'बरोबर'. पाणी हवं, बरोबर. पाणी नको, बरोबर. तुमचा विनय कामावर निघाला, बरोबर. डाळीत मीठ जास्त पडलं, तेही बरोबर. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी साहेबांच्या चुका काढण्यात घालवलेला माणूस, आणि त्याच्या वाट्याला नेमका हा शब्द यावा. डोक्यात सगळं शाबूत आहे, बाहेर यायचा रस्ता तेवढा बंद झालाय, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तुमच्या डोळ्यांकडे बघून त्यावर विश्वास ठेवला. सोपं नव्हतं ते. माणूस बोलत नाही म्हटल्यावर आपण त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागतो. मी एकदा तसं बोलले, तर तुम्ही असं बघितलंत की पुन्हा कानाला खडा.

आपलं आधी तरी कुठे फार जमायचं. लग्न होऊन मी या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलावर तुमचं सोल्डरिंगचं दुकान मांडलेलं असायचं. टेबलक्लॉथला जागोजागी भोकं. आमटीला राळेचा वास. टाकी भरली की वाजणारा भोंगा तुम्ही अख्ख्या सोसायटीला बसवून दिलात आणि तो भल्या पहाटे केकाटायचा, शिव्या मात्र मला खाव्या लागायच्या. मी टेबलावर हक्क सांगितला, माझा कॉम्प्युटर तिथे मांडला, आणि तुम्हाला बाल्कनीत हाकललं. पाठ्यपुस्तकांची अक्षरजुळणी करून चार पैसे मिळवते, त्याला टेबल लागतं म्हणाले. तुम्ही म्हणालात, "बाल्कनीत वारा येतो, कथील लवकर गार होतं." मी म्हणाले, तुम्हीही गार व्हाल, बरं होईल. आणि आपण दोघंही हसलो होतो. हसलो होतो ना? मला तरी तसंच आठवतंय.

रिमोटने वाजणाऱ्या घंटेच्या त्या सर्किटचा विषय निघाला तो तुम्ही पलंगावरून अर्धे घसरलात त्या दिवशी. मी स्वयंपाकघरात काम करत होते. तुम्ही चमच्याने पलंगाच्या दांडीवर वाजवत होतात, पण माझ्या डोक्यावर पंखा घरघरत होता. किती वेळ तसे लोंबकळत होतात देव जाणे. मी आले तेव्हा तुम्ही रागावला नव्हतात, याचंच मला जास्त वाईट वाटलं. नुसतं म्हणालात, "बरोबर." विनयने संध्याकाळी बाजारातून तयार घंटी आणली, बटण दाबलं की वाजणारी. ते बटण इतकं कडक की तुमच्या डाव्या अंगठ्याला झेपेना. तुम्ही ती घंटी सावकाश, ठरवून, पलंगाच्या कडेपर्यंत ढकलत नेलीत आणि खाली पाडलीत. मग बोट दाखवलंत पलंगाखालच्या पार्टांच्या डब्याकडे, आणि दुसऱ्यांदा टीव्हीच्या जुन्या रिमोटकडे. रबरी बटणं, अंगठ्याच्या सवयीची.

विनय म्हणाला, "अण्णा, हे करणार कोण?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

मी कॉमर्सची. वीज म्हणजे बटण दाबल्यावर येते ती, आणि नाही आली तर वायरमनला फोन करायचा, एवढं माझं शिक्षण. पण त्या दिवशी तुम्ही लोंबकळत असतानाचं चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी हो म्हटलं.

मग दुपारी सुरू झालं. काम बाजूला ठेवून मी तुमच्या खोलीत पाट घेऊन बसायची. इंटरनेटवरून एक सोपी आकृती काढली, तुम्ही ती बघून नाक मुरडलंत, पण चालेल अशी मान हलवलीत. आधी तुम्ही मला रिमोट तपासायला लावलात. मोबाइलचा कॅमेरा चालू करून त्याच्यासमोर रिमोट धरायचा आणि बटण दाबायचं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं आणि मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकत होता. मी तीन-चारदा बघितलं, एकदा पडद्यात, एकदा नुसत्या डोळ्यांनी. इतकी वर्षं आपण बसल्या जागेवरून टीव्ही लावतो तो या न दिसणाऱ्या उजेडावर, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तुम्हाला एक विद्यार्थी हवा होता आणि कोणी मिळत नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

सेन्सर म्हणजे हरभऱ्याएवढा काळा ठोकळा, त्याला तीन पाय. एक पाय प्लसला, एक मायनसला, तिसऱ्यातून निरोप बाहेर येतो. पण कुठला पाय कशाचा हे कंपनीगणिक बदलतं, आणि इथेच घोडं पेंड खातं. आकृतीतल्या सेन्सरचा क्रम वेगळा होता आणि तुमच्या डब्यातल्या सेन्सरचा वेगळा. मी पाय वळवून धरला आणि विचारलं, "अण्णा, हा प्लसला ना?"

"बरोबर," तुम्ही म्हणालात.

मी कथलाचा डाग देऊन तो जोडला. तुम्ही परत म्हणालात, मोठ्याने, "बरोबर, बरोबर." मला वाटलं शाबासकी देताय. मोबाइलचा जुना चार्जर लावला, बटण चालू केलं, आणि त्या ठोकळ्याला हात लावला तर चटका बसला. मग वास आला. मी वर बघितलं तर तुम्ही मान जिवाच्या आकांताने हलवत होतात, नाही नाही नाही, आणि तोंडातून आपलं बरोबर, बरोबर. जगात कुठल्या घरात अशी चूक होईल का हो? माणूस जीव तोडून नाही म्हणतोय आणि ऐकणारीला शाबासकी ऐकू येतेय.

मी चिडले. सेन्सर गेला म्हणून नाही, तसे दोन-तीन डब्यात होते. तुम्ही हसायला लागलात म्हणून. झटक्यानंतर तुम्ही पहिल्यांदा हसत होतात, तोंडाच्या एकाच बाजूने, लाळ गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. मग मीही हसले. लाळ पुसली आणि हसले. त्या दिवसापासून ठरलं की तुमच्या तोंडाकडे लक्षच द्यायचं नाही. पंजा वर म्हणजे नाही, पंजा खाली म्हणजे हो. चुलत्यामालत्यांनी भेटायला येऊन तुमच्याशी बोलायचा प्रयत्न केला की मी मनात म्हणायची, अहो, त्यांच्या पंजाकडे बघा.

त्या पंजानेच तुम्ही मला सगळं शिकवलंत. रिमोटचा उजेड आला की सेन्सरच्या तिसऱ्या पायावर वीज चढत असेल अशी माझी समजूत. तुम्ही पंजा उंच धरायचात आणि धपकन गादीवर पाडायचात. चढत नाही, पडते. काही नसतं तेव्हा तो पाय ताठ उभा असतो आणि हाक आली की खाली येतो. ट्रान्झिस्टर त्या पडण्याची वाट बघत असतो, तो पडला की हा दार उघडतो आणि घंटेला वीज मिळते. हे डोक्यात शिरायला माझ्या कित्येक दुपारी गेल्या. रोज तुम्ही पंजा पाडायचात, रोज मी मान डोलवायची आणि रोज उलटं जोडायची. कंटाळला नाहीत. विनयला गणित शिकवताना पट्टी तुटेपर्यंत मारायचात म्हणे. माझ्या वाट्याला आलेले अण्णा वेगळे होते, आणि ते मला आजारपणाने दिले, हे बोलायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

रिमोट दाबल्यावर सर्किटवरचा लाल दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा तुम्ही रिमोट माझ्या हातातून घेतलात आणि दाबत सुटलात. लाग, विझ, लाग, विझ. आणि लगेच बोट वर, छताकडे. पंख्याकडे. मग डब्याकडे, ज्यात रिले होता, पंख्याची वीज जोडणारी-तोडणारी काळी चौकोनी डबी, आणि ती सोळा पायांची चिप, जिच्यामुळे एकदा दाबलं की चालू राहतं आणि पुन्हा दाबलं की बंद होतं. तुम्हाला घंटा नको होती. तुम्हाला पंखा हवा होता, दिवा हवा होता. स्वतः लावायला, स्वतः घालवायला.

मी म्हटलं, आधी घंटा.

पंजा वर.

मी म्हटलं, अण्णा, पंखा मी लावीन ना, तुम्ही फक्त हाक मारा.

पंजा वरच. किती वेळ धरून ठेवलात.

त्या भांडणात मी जिंकले, कारण सोल्डरिंगची गन माझ्या हातात होती. आज विचार करते तर कळतं की आपण सर्किटवर भांडत नव्हतोच. तुम्हाला माझी गरज लागायला नको होती आणि मला तुमची हाक ऐकू यायला हवी होती. दोघंही आपापल्या जागी रास्त होतो. घंटा झाली की लगेच पंखा करू असं मी म्हटलं होतं. रिले अजून प्लास्टिकच्या पुडीत आहे. मध्ये शाळांच्या पुस्तकांचं काम आलं, मग पावसाळ्यात तुम्हाला कफ झाला, मग राहिलं ते राहिलंच.

घंटा मी मुद्दाम कर्कश निवडली. कुकरची शिट्टी चालू असतानाही ऐकू यावी अशी. स्वयंपाकघरात टेबलाच्या वर लावली, आणि सेन्सर तुमच्या खोलीत, दाराजवळच्या भिंतीवर. कारण तुमचा डावा हात उचलून त्याच बाजूला जायचा, दुसरीकडे नाही. पहिल्याच रात्री गंमत झाली. हॉलमध्ये विनय मॅच बघत होता आणि चॅनल बदलला की इकडे स्वयंपाकघरात घंटा. कणीक मळल्या हाताने मी धावत तुमच्या खोलीत, तुम्ही शांत. परत गेले, परत घंटा. तिसऱ्यांदा मी तुम्हाला म्हणाले, "अण्णा, खेळ चाललाय का माझ्याशी?" तुमचा चेहरा असा की नुकतंच कोणी खोटा आळ घेतलाय. मग कळलं की कुठलाही रिमोट चालतो, उजेड भिंतींवरून उड्या मारत येतो. तुमच्या पंजाच्या सांगण्यावरून मी काळ्या कागदाची नळी करून सेन्सरवर बसवली, घोड्याला झापड लावतात तशी. विनयचा त्रास संपला. पण आता रिमोट बरोबर नळीत नेम धरून दाबावा लागायचा, आणि तुमचा हात काही अर्जुनाचा नव्हता.

पण तुम्ही दाबायचातच कुठे. हीच तर माझी तक्रार होती. एवढा उपद्व्याप करून बसवली आणि तुम्ही घंटा वाजवायची नाही. ओलं झालं तरी पडून राहायचं, उशी घसरली तरी पडून राहायचं. मी मधूनमधून येऊन बघायची तेव्हा सापडायचात. मी ओरडायची, घंटा कशाला केली मग? सुरेखा, तुम्हाला आंघोळ घालायला येणारी, पेठकडची, ती म्हणायची, "ताई, बाबांला लाज वाटतं. मान्साला लाज नाय वाटणार का?" मला तेही पटलं होतं. हट्ट, लाज, घंटेवरचा राग, सगळी कारणं मी लावून बघितली. रिमोट मात्र आम्ही नाडीने पलंगाच्या दांडीला बांधून ठेवला होता, तुमच्या डाव्या हाताखाली कायम.

थंडी सुरू झाली तसं ऊन कललं आणि खिडकीतून आतवर यायला लागलं. सकाळी ते तुमच्या पलंगावरून जाऊन दाराजवळच्या भिंतीवर पडायचं, नेमकं सेन्सरवर. एक दिवस सुरेखाने गंमत म्हणून रिमोट दाबला आणि घंटा वाजली नाही. नेम धरून दाबला, नाही. दुपारी दाबला, वाजली. मला वाटलं डाग सुटला. तुम्ही खिडकीकडे बोट दाखवलंत. उन्हात तोच न दिसणारा उजेड असतो आणि इतका असतो की त्यात रिमोटचा ठिपका हरवून जातो. सेन्सर आंधळा होतो. नळी लांब केली, थोडा फरक पडला. पडदा लावला तर तुम्ही पंजा वर करून तो काढायला लावलात. सकाळचं ऊन तुम्हाला हवं होतं.

मग एकच उपाय होता. पलंग फिरवायचा, डोकं पायांकडे करायचं, म्हणजे तुमचा हात सावलीतल्या भिंतीकडे जाईल आणि सेन्सर तिथे लावता येईल. विनय रविवारी घरी होता, शेजारच्यांना बोलावलं. आणि तुम्ही जो आकांत केलात, अण्णा. डाव्या हाताने दांडी धरून ठेवलीत. चेहरा लालबुंद. बरोबर, बरोबर, बरोबर, शेजारी घाबरून मागे सरले. तुम्ही दांडी सोडून दाराबाहेर बोट दाखवायचात, हॉलकडे, आणि पुन्हा दांडी धरायचात. विनय म्हणाला, टीव्ही हवाय त्यांना. आम्ही टीव्ही लावला, दारातून दिसेल असा सरकवला. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी म्हणाले, राहू दे, म्हाताऱ्याचा हट्ट आहे. पलंग तिथेच राहिला.

त्या सकाळी विनय पहिल्या पाळीला अंबडला कारखान्यात गेला होता. मी तुम्हाला चहा पाजला, उशी उंच केली, ऊन अंगावर आलेलं होतं. एका पुस्तकाची पानं तपासून द्यायची होती म्हणून मी कुकर लावून टेबलाशी बसले. घंटा वाजली नाही. हे मी शपथेवर सांगते, वाजली असती तर मी ऐकली असती. सुरेखा आली, सरळ तुमच्या खोलीत गेली, आणि तिची हाक आली, "ताई, इकडं या. बाबा डोळं उघडत नाय." रिमोट तुमच्या हाताखाली होता. पण तो तर कायमच असायचा.

तर अण्णा, एवढंच. तुम्ही दाबला नाहीत, कारण वेळच मिळाला नाही, डॉक्टर म्हणतात तसं? की वेळ होता, पण तुम्ही नेहमीसारखे गप्प पडून राहिलात? की दाबलात, पुन्हा पुन्हा दाबलात, नळीवर नेम धरलात, आणि ऊन पडलं होतं म्हणून सेन्सरला दिसलंच नाही? तिन्हीतलं एक खरं आहे आणि कुठलं ते कळायची सोय नाही. त्या सर्किटमध्ये लक्षात ठेवणारं काही नाही. हाक आली तर वाजतं, नाही तर गप्प बसतं, नंतर विचारलं तर काही सांगत नाही. मीच जोडलंय ते, मला माहीत आहे.

तेरावं झाल्यावर मी विनयला पलंगावर बसवलं, तुमच्या जागी, त्याच सुमाराला, ऊन सेन्सरवर असताना. म्हटलं, डाव्या हाताने दाबत राहा. मी टेबलाशी बसले. वाजली. मग वाजली नाही. मग नाही, मग वाजली, मग बराच वेळ नाही. मी परत खोलीत गेले आणि म्हटलं, अजून एकदा.

विनयने रिमोट गादीवर ठेवला. "मेधा, काय कळायचंय तुला?"

"त्यांनी दाबलं होतं का."

"आणि दाबलं होतं असं कळलं तर?"

त्याचे वडील होते हो तुम्ही. तो उठून बाल्कनीत गेला आणि तिथे पाठ करून उभा राहिला, आणि मला त्याच्याजवळ जाता आलं नाही. दोघांनी एकमेकांना धरून रडावं असं सगळे म्हणतात. आम्हाला ते अजून जमलेलं नाही.

आज तो कामावर गेल्यावर मी तुमच्या खोलीत आले. गादीवरची चादर बदलायची म्हणून आले आणि तशीच आडवी झाले. उजवा हात अंगाखाली दाबून ठेवला, डाव्याने रिमोट धरला. मला बघायचं होतं की तुमच्या उशीवरून सेन्सर कसा दिसतो. नीट दिसतो. त्याच्या शेजारी दार, दारातून हॉलमधलं तुमच्या पुस्तकांचं काचेचं कपाट. आणि त्या काचेत स्वयंपाकघर. ओटा, कुकर, टेबल, कॉम्प्युटर, माझी खुर्ची. सगळं लहान, पण स्वच्छ. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली माझी ओढणीसुद्धा ओळखू येत होती.

म्हणून पलंग फिरवू दिला नाहीत. टीव्ही नव्हता दाखवत तुम्ही, काच दाखवत होतात. मला वाटायचं बिचारे एकटे पडून आहेत, आणि तुम्ही दिवसभर मला बघत बसलेले असायचात. मी काम करते, उठते, चहा टाकते, फोनवर कोणाशी तरी भांडते, मान मोडून बसते. तुम्हाला सोबत होती. ती हाक मारून मागायची तुम्हाला गरज नव्हती, ती तुमच्याकडे होतीच. मी किती वेळ हसत रडत तिथे पडून राहिले. कोणी माझ्याकडे इतकं बघितलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, अण्णा. माझ्या आईनेही नसेल.

मग माझ्या लक्षात आलं ते यायला नको होतं. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, खुर्चीत बसले आणि खुर्ची वळवली. त्या कपाटाच्या काचेत तुमची खोली दिसते. ज्या वाटेने मी तुमच्यापर्यंत जात होते त्याच वाटेने तुम्ही माझ्यापर्यंत येत होतात. उलट इकडून जास्त स्पष्ट दिसतं, कारण सकाळी ऊन तुमच्या उशीवर असतं. ज्या उन्हाने सेन्सर आंधळा होत होता, त्याच उन्हात तुमचा चेहरा त्या काचेत उजळलेला असणार. घंटा नसती, रिमोट नसता, तरी दिसला असतात. मी तिकडे पाठ करून बसले होते.